मदत हवी आहे: एसओ-५० ऐकू येतो, पण उत्तर कोणीच देत नाही. शनिवारी शाळेत दाखवायचंय

खडूफळा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले, एसओ-५० या हौशी (हॅम) रेडिओच्या उपग्रहावरून बोलायचा प्रयत्न चाललाय. पासच्या, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जातो त्या वेळेच्या, मधली दोन-अडीच मिनिटं कोणाचा तरी आवाज येतो, खरखरीत असतो पण शब्द कळतात. मग गायब. मी बोललो की उत्तर नाहीच. टोन (आवाजासोबत जाणारा सूर, तो असेल तरच उपग्रह ऐकतो) टाकलाय, वेळा बरोबर आहेत, हँडी (हातातला रेडिओ) नवी आहे. शनिवारी नववीच्या मुलांसमोर दाखवायचं कबूल केलंय आणि मुलं रोज विचारतायत. काय चुकतंय ते कृपया लवकर सांगा.

मिरजेचा_यागी (रात्री ९.५२)

सर, कुठून बोलताय? अँटेना कोणता? गच्चीवरून की घरातून? टोन किती आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला लावलाय? परवाना आहे ना? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

खडूफळा (रात्री ९.५८)

जत तालुका. शाळेची गच्ची, चारी बाजू मोकळ्या. परवाना आहे, रिस्ट्रिक्टेड ग्रेड (सुरुवातीची श्रेणी), कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) व्हीयू३ ने सुरू होणारं, चार महिने झाले. हँडी ५ वॅटची, अँटेना सोबत आलेला रबरी. टोन ६७. हे सगळं ठीकच आहे, अडचण दुसरीच काहीतरी असणार.

जुना_टॉवर (रात्री १०.१५)

अडचण तीच आहे. रबरी अँटेना आणि ५ वॅट! उपग्रह सहा-सातशे किलोमीटर वर, आणि कडेला असतो तेव्हा अडीच हजार किलोमीटर लांब. ५० वॅटचा मोबाइल सेट घ्या, वर चांगला अँटेना लावा, पहिल्याच पासला उत्तर येईल. मी तेच केलं.

प्राची_कुलाबा (रात्री १०.३१)

टॉवरदादा, याला माझा स्पष्ट विरोध आहे. एसओ-५० वर चॅनल एकच. एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरदार तोच उपग्रहाच्या रिसीव्हरमध्ये बसतो, बाकीचे दबतात. ५० वॅटने तुमचं काम होईल, पण ५ वॅटवाली चार माणसं बाहेर राहतील. मी मुंबईच्या गच्चीवरून ५ वॅट आणि हाताने बनवलेल्या यागीवर (दांड्यावर आडव्या काड्या असलेला, एका दिशेचा अँटेना) बोलते. ऐकण्याची बाजू सुधारा, बोलण्याची आपोआप सुधारते.

खडूफळा सर, तुम्हाला फक्त मधली दोन मिनिटं का ऐकू येतं ते सांगते. तुम्ही ऐकायला ४३६.७९५ मेगाहर्ट्झ लावून ठेवलाय, बरोबर? उपग्रह तुमच्याकडे येत असतो तेव्हा त्याची फ्रिक्वेन्सी ९-१० किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, लांब जाताना तेवढीच खाली. गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर चढतो आणि पुढे गेली की उतरतो, तेच हे. ४३६.७९५ खरा पडतो तो अगदी माथ्याशी. पाच चॅनल भरून ठेवा: ४३६.८०५, .८००, .७९५, .७९०, .७८५. पास सुरू होताना पहिला, संपताना शेवटचा. बोलायच्या १४५.८५० ला हात लावू नका, तिथे सरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झचीच असते, चालून जाते.

जुना_टॉवर (रात्री १०.४४)

मी दुसऱ्यांना दाबा असं म्हटलेलं नाही. पंधरा मीटर आरजी-५८ केबल टाकली तर ४३५ मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच जिरते. ५० चे वर किती उरतात ते मोजा आणि मग बोला.

प्राची_कुलाबा (रात्री १०.५०)

तुम्ही बोलता १४५ वर. ४३५ चं नुकसान तुमच्या ऐकण्याचं होतं. म्हणूनच मी केबल लावतच नाही, हँडी थेट यागीच्या दांड्याला बांधते.

ढगवेडी (मंगळवार, सकाळी ७.०५)

मुलांना दाखवायचंच असेल तर नोआच्या (अमेरिकेची हवामान संस्था) हवामान उपग्रहांची चित्रं उतरवा की! १३७ मेगाहर्ट्झ, एक छोटा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप. ढग ओळीओळीने उमटताना बघून मुलं हरखून जातात. माझ्या भाच्यांना दोन वर्षांपूर्वी दाखवलं होतं.

मिरजेचा_यागी (सकाळी ७.३०)

ताई, नोआ-१५, १८ आणि १९ तिन्ही २०२५ मध्ये बंद केले, शेवटचा ऑगस्टमध्ये. आता १३७ वर रशियाचे मेटिओर आहेत, पण त्यांचं प्रसारण डिजिटल, सॉफ्टवेअर वेगळं. आणि सरांनी हे विचारलेलंच नाही.

ढगवेडी (सकाळी ७.३४)

बंद झाले? मला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं.

दोहाकर (सकाळी ९.२०)

मी कतारमध्ये असतो. माझं ऐका आणि या पळणाऱ्या उपग्रहांमागे लागूच नका. क्यूओ-१०० हा उपग्रह घ्या. भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारा) आहे, २५.९ अंश पूर्वेला. महाराष्ट्रातून पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून तीसेक अंशांवर. डिश एकदा लावली की झालं. डॉप्लर (फ्रिक्वेन्सीची ती सरक) नाही, वेळापत्रक नाही, चोवीस तास युरोप-आफ्रिका. २०१९ च्या फेब्रुवारीत हॅम लोकांसाठी खुला झाला तेव्हापासून मी रोज तिथे असतो.

जुना_टॉवर (सकाळी ९.४१)

शनिवारपर्यंत? २४०० मेगाहर्ट्झला बोलायचं, १०४८९ ला ऐकायचं, तेही एसएसबीवर (आवाज पाठवायची वेगळी पद्धत), एफएम तिथे चालत नाही. नव्या माणसाला महिना लागेल. शिवाय त्या पट्ट्यावर बोलण्याआधी आपल्या परवान्यातला फ्रिक्वेन्सींचा तक्ता उघडून वाचावा लागेल.

दोहाकर (सकाळी ९.५५)

नुसतं ऐकायला परवान्याचा तक्ता लागत नाही. डीटीएचची जुनी डिश, तिच्यावरचा एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि एक डोंगल एवढ्यावर ऐकता येतं. मुलांना तेही पुरेल.

शॅक_२००५ (सकाळी ११.१०)

धागा वाचून हॅमसॅट हा भारतीय हॅम उपग्रह आठवला. ५ मे २००५, श्रीहरिकोटा, पीएसएलव्ही-सी६, सोबत कार्टोसॅट-१. हाच आपला स्वतःचा व्हीओ-५२! बेचाळीस-त्रेचाळीस किलोचा ठोकळा, आत दोन ट्रान्सपॉन्डर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रं), एक भारतात बनवलेला आणि एक हॉलंडच्या एका हॅमने. मी कॉलेजात होतो. होस्टेलच्या गच्चीवर त्याचा बीकन (सतत येणारा ओळखीचा सिग्नल) पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातला यागी थरथरत होता. २०१४ च्या जुलैत बॅटरी गेली आणि तो गप्प झाला. त्या जागी अजून तसा काही आलेला नाही ही खंत आहे. सर, तुमच्या वर्गातलंच एखादं मूल पुढे असा उपग्रह बनवेल, म्हणून तुमचं शनिवारचं नीट व्हायला हवं.

खडूफळा (मंगळवार, रात्री ८.२०)

सगळ्यांचे आभार, पण मी अजून तिथेच आहे. प्राचीताई, पाच चॅनल भरले. संध्याकाळच्या पासला जवळपास सहा मिनिटं ऐकू आलं, हे मोठं काम झालं. पण उत्तर नाही. वीस वेळा तरी सीक्यू ("कोणी आहे का?" अशी हाक) दिला. डिश वगैरे मला शक्य नाही, शाळेकडे पैसे नाहीत. कृपया एसओ-५० वरच बोला.

नागपूर_एमएल९१ (रात्री ८.४५)

दोन गोष्टी. एक, एका चॅनलच्या एफएम उपग्रहावर लांबलचक सीक्यू देत नाहीत. कॉलसाइन आणि ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं नाव), बस्स. तुमचं जत एमके७७ मध्ये येतं. दोन, या उपग्रहात दहा मिनिटांचा टायमर आहे. कोणीतरी ७४.४ हर्ट्झचा टोन दोनेक सेकंद दिला की तो चालू होतो, मग ६७ वर बोलायचं. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पण तुम्हाला आवाज येतोय म्हणजे टायमर कोणीतरी चालू केलेला असतो, तेव्हा गोम तिथे नाही.

बोलताना हँडीच्या स्क्रीनवर काय दिसतं? फोटो टाका.

प्राची_कुलाबा (रात्री ८.५१)

आणि अँटेना कसा धरता तेही सांगा. उपग्रहाकडे रोखून धरत असाल तर चूक. रबरी अँटेनाच्या टोकाच्या दिशेला जवळपास काहीच जात नाही. तो उपग्रहाच्या दिशेला आडवा, काटकोनात हवा, आणि मनगट फिरवत राहायचं. आवाज सर्वांत स्वच्छ येतो तिथे थांबायचं.

खडूफळा (रात्री ९.३०)

रोखूनच धरत होतो. आता कळलं.

फोटो टाकलाय. वरच्या ओळीत १४५.८५०, खालच्या ओळीत ४३६.८००. खालच्या ओळीसमोर छोटा बाण आहे. टोनचा मेन्यू उघडून ६७ टाकला तेव्हाही बाण तिथेच होता. तो बाण कशाचा?

नागपूर_एमएल९१ (रात्री ९.३३)

सर! बटण दाबलं की हँडी बाणाच्या ओळीवर बोलते. म्हणजे आठ दिवस तुम्ही ४३६.८०० च्या आसपास, उपग्रह जिच्यावरून खाली बोलतो त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलताय. तुमचा शब्दही वर पोहोचलेला नाही. आणि टोनही त्याच ओळीला लागलाय, १४५.८५० कोरा आहे. आधी बोलणं थांबवा, आसपास कोणी उपग्रह ऐकत असेल तर त्याच्या कानावर तुमचाच आवाज पडतोय.

मिरजेचा_यागी (रात्री ९.४०)

मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं, टोन कुठल्या फ्रिक्वेन्सीला लावलाय म्हणून. असो, सापडलं हे महत्त्वाचं. दोन ओळींचा नाद सोडा. मेमरी चॅनलमध्येच ऐकायची ४३६ ची आणि बोलायची १४५.८५० अशा दोन्ही भरता येतात, बोलण्याच्या बाजूला ६७ टोन. तसे पाच चॅनल भरा. ऐकण्याच्या बाजूला टोन लावू नका, नाहीतर स्पीकर उघडणारच नाही. स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) शून्यावर ठेवा.

खडूफळा (रात्री ९.४६)

मला खरंच वाईट वाटतंय, कोणाला त्रास झाला असेल तर माफी मागतो. चॅनल आत्ता भरायला घेतो. दुसरी एक हँडी आहे, केंद्रातल्या मित्राची. माझा आवाज खाली आला का ते तिच्यावर ऐकता येईल का?

जुना_टॉवर (रात्री १०.०२)

येईल, पण शेजारी ठेवू नका. बोलताना रेडिओतून मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतला सिग्नलही थोडा निसटतो, आणि १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५, म्हणजे ऐकायच्या ४३६ च्या जवळच. तुम्ही बटण दाबलंत की शेजारचा ४३६ चा रिसीव्हर बहिरा होतो. एका मुलाला गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं करा, कानात इअरफोन घालून. आणि ५० वॅटबद्दल मी आग्रह धरला, तो या कामासाठी गैरलागू होता. प्राची बरोबर होती.

कोकणी_माणूस (बुधवार, दुपारी १.१५)

या हॅम परवान्याची परीक्षा कुठे देतात? माझी मुलगी सहावीत आहे.

शॅक_२००५ (दुपारी १.४०)

दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज. वय १२ पूर्ण हवं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

खडूफळा (गुरुवार, रात्री ८.०५)

आज ऐकलं. माझाच आवाज. एक विद्यार्थिनी गच्चीच्या उत्तरेच्या कठड्याला टेकून उभी होती, दोन्ही कानांवर तळवे दाबून. मी फक्त कॉलसाइन आणि एमके७७ म्हटलं. ती तिथूनच ओरडली, "सर, तुम्ही आलात! वरून आलात!" पास सुरू होताना तिने १ नंबरचा चॅनल लावला आणि कोणी न सांगता, आवाज फाटायला लागला की पुढचा लावत गेली. कोणाशी बोलणं मात्र झालं नाही, पास रिकामा होता.

नागपूर_एमएल९१ (रात्री ८.२२)

शनिवारी सकाळी ६.४८ चा पास चांगला उंच आहे, मीही गच्चीवर असतो. टायमर मी चालू करून ठेवतो. पहिलं मिनिट जाऊ द्या, मग तुम्ही या. बोलायचं बटण तुमच्याच हातात ठेवा, मुलांना ऐकू द्या आणि नोंद करू द्या. आणि जोडीला अंतराळ स्टेशनचा रिपीटरही (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा संच) भरून ठेवा: बोलायला १४५.९९० टोन ६७, ऐकायला ४३७.८००. चालू असेल तर तो खूप मोठ्याने येतो. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला त्याच स्टेशनवरून आपल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवर बोलले होते, ते मुलांना जरूर सांगा.

खडूफळा (शनिवार, सकाळी ७.३०)

मुलांच्या वहीतली नोंद जशीच्या तशी:

६.४८ खरखर. ६.४९ शिट्टीसारखा आवाज, मग एकदम शांत. ६.५० नागपूरचे काका. सरांनी एमके७७ सांगितलं. काकांनी एमएल९१ सांगितलं आणि "गुड मॉर्निंग जत" म्हणाले. ६.५३ चॅनल ३. एक बाई बोलल्या, कुलाबा. ६.५५ एक परदेशी, फोरएस७ ने सुरू होणारं, सर म्हणाले श्रीलंका. ६.५८ आवाज फाटला. ७.०० काही नाही.

बेचाळीस मुलं होती, गच्चीवर चिडीचूप. प्राचीताई, तुमच्या त्या यागीची मापं द्याल का? सातजणांनी मोजपट्टीची पट्टी आणि पीव्हीसी पाइप आणायचं ठरवलंय, सोमवारी मधल्या सुट्टीत कापायला बसणार आहेत.