टॉरी पाइन्स : एकच दिवस, साउथ की नॉर्थ?

सह्यकडा
जूनमध्ये पुण्याहून सॅन डिएगोला मुलीकडे जातोय. तिथल्या टॉरी पाइन्स गोल्फ मैदानावर एकच राउंड जमेल. साउथ आणि नॉर्थ असे दोन कोर्स आहेत. हॅन्डीकॅप १८ (म्हणजे साधारण खेळाडू), ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, जेमतेम २१० यार्ड. साउथ खेळू की नॉर्थ? आणि टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळतो कसा?

दर्यावर्दी
नॉर्थ. साउथ २००१ मध्ये कोर्स-रचनाकार रीस जोन्सने यूएस ओपन ही मोठी स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून नव्याने घडवला. २००८ आणि २०२१ ची ओपन तिथेच झाली. सगळ्यात मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) ७,७०० यार्डांच्या वर भरतो. २१० च्या ड्राइव्हवर लांब पार-४ ला (चार फटक्यांत पुरा करायच्या होलला) दुसरा फटकाही वुडनेच, म्हणजे लांब पल्ल्याच्या क्लबनेच मारावा लागतो, आणि ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला, खोल बंकर (वाळूचे खड्डे) बिलगलेले. नॉर्थ २०१६ मध्ये टॉम वाइसकॉफ या रचनाकाराने बदलला. ग्रीन मोठी केली, बंकर कमी केले, बऱ्याच ठिकाणी समोरून चेंडू घरंगळत चढवता येतो. कडा आणि समुद्र दोन्हीकडून दिसतो.

मैदान महापालिकेचं आहे, त्यामुळे शहरवासीयांना दर कमी आणि पाहुण्यांना बराच जास्त. बाहेरच्यांनी जास्तीचं बुकिंग शुल्क भरून आधीच वेळ घ्यावी. एकटे असाल तर पहाटे स्टार्टरकडे (गटांना खेळायला सोडणाऱ्या माणसाकडे) नाव लावा, तिघांच्या गटात जागा निघते.

टी_बॉक्स
मी साउथच म्हणेन, पण पुढच्या टीवरून. तिसरा होल, उतारावरचा पार-३ आणि मागे थेट समुद्र, तो चुकवू नये. चौथ्याला डावीकडे कडा आहे, तिथे उजवी बाजू धरा. बारावा वाऱ्याविरुद्ध असतो. तो मनात पार-५ धरूनच खेळा.

रफवाला
कुठलाही निवडा, आधी किकुयू हे तिथलं दाट गवत समजून घ्या. जानेवारीतल्या स्पर्धेत टीव्हीवर दिसतं ते वरून पेरलेलं राय गवत. जूनमध्ये खरं किकुयू माजलेलं असतं. चेंडू तळाशी बसतो, जाड दोरीसारखे धुमारे क्लबच्या मानेला गुंडाळतात, क्लबचा फेस (चेंडूवर बसणारी बाजू) मिटतो आणि चेंडू डावीकडे जातो. लांब पल्ल्याच्या हायब्रिड क्लबचा मोह नको. वेज किंवा नऊ नंबर (उंच, आखूड फटक्याचे क्लब), डाव्या हाताची पकड घट्ट, फटका वरून खाली, आणि गुपचूप फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यावर परत. ग्रीनच्या कडेला धावता चिप (जमिनीलगतचा छोटा फटका) गवतातच मरतो. चेंडू ग्रीनवरच टाका.

साउथची ग्रीन पोआ अ‍ॅन्युआ या गवताची. दिवसभरात त्याला बारीक तुरे येतात, दुपारी हळू पुट (ग्रीनवर होलकडे घरंगळवलेला चेंडू) उड्या मारत भरकटतो. तिथे सकाळची वेळ मागा, पुट जरा ठाम मारा. नॉर्थवर बेंटग्रास हे गवत आहे, हा त्रास कमी.

पुण्यातले फटक्यांच्या अंतराचे आकडे तिथे चालत नाहीत. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर खेळतो, तिथे समुद्रसपाटीजवळची गार, ओली हवा आणि जूनमध्ये सकाळी मळभ. चेंडू कमी जातो, म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी लांब पल्ल्याचा क्लब घ्या, स्वेटर ठेवा.

दर्यावर्दी
साउथ ठरलाच तर अठराव्याचं तळं लक्षात असू द्या. १९७५ मध्ये ब्रूस डेव्हलिन या व्यावसायिक खेळाडूने त्या पार-५ होलवर १० फटके घेतले होते. ग्रीन पाण्याकडे उतरते; वेजने फार स्पिन (उलटी फिरकी) देऊन मारलेला चेंडू मागे सरकत तळ्यात जातो. तिसरा फटका झेंड्याच्या पलीकडे टाका.