अनुभव धागा: इंग्लंडमधल्या खेड्यातला पब

लंडनच्या बारबद्दल आपण भरपूर बोलतो. आता जरा गावाकडे वळू. खेड्यातल्या जुन्या पबात बसला असाल तर तिथली माणसं, इमारत, इतिहास, जे आठवेल ते लिहा. पीत नसलात तरी या, मीही लाइम-सोडावालाच.

लीड्सकर
यॉर्कशायरमधल्या रिचमंडजवळ हडसवेल नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २००८ मध्ये बंद पडला. गावकऱ्यांनी शेअर काढून पैसे उभे केले, पब विकत घेतला आणि २०१० मध्ये पुन्हा सुरू केला. पबातच वाचनालय, छोटं दुकान आणि गावकऱ्यांना भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे! २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब हा 'कॅम्रा' या ग्राहक संघटनेचा किताबही मिळाला. आमच्या घरात साखर कारखान्याचे शेअर आहेत, त्यामुळे मला हा कारभार लगेच ओळखीचा वाटला. फक्त चेअरमनच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दिसले नाहीत.

रेडिंगवाली
तोच किताब आमच्याकडच्या ऑल्डवर्थच्या 'बेल इन'ला दोनदा मिळालाय, १९९० आणि २०१९. इमारत पंधराव्या शतकातली, आणि पब अडीचशे वर्षांहून जास्त काळ एकाच घराण्याकडे. आत काउंटरच नाही! काचेच्या खिडकीतून ग्लास बाहेर येतो. खायला भरलेले पाव, सूप, असं साधंच. सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या चहा मिळेल का विचारत होत्या तोवर शेजारच्या आजोबांनी त्यांना गावच्या चर्चची गोष्ट सांगायला घेतली. तिथे डे ला बीच घराण्याचे चौदाव्या शतकातले नऊ दगडी पुतळे आहेत, गावकरी त्यांना 'ऑल्डवर्थचे राक्षस' म्हणतात. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच, पण राक्षस म्हटल्यावर त्या उठल्याच. मग आम्ही सगळे चर्चमध्ये.

पुणेरी_पाहुणा
एक सूचना. तिथे टीटीएमएम चालत नाही. प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी 'राउंड' घ्यायचा असतो. आपली पाळी आली की नेमका फोन येणारा माणूस गावाच्या बरोबर लक्षात राहतो.

ट्रेकवेडा
टॅन हिल इन, यॉर्कशायर. उंची १,७३२ फूट, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. पूर्वी आसपासच्या कोळसा खाणींतले मजूर इथे यायचे. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात साठेक गिऱ्हाइकं तीन रात्री इथे अडकली होती, सोबत ओअॅसिस या रॉक बँडची गाणी म्हणणारा दुसरा एक बँडही. मी गेलो तेव्हा साधं धुकं होतं. थोडा हिरमोडच झाला, खरं सांगायचं तर.

डिचोलीकर
विषयाबाहेर जातोय, चालवून घ्या. आमच्या गोव्यातल्या गावच्या तावेर्नात, म्हणजे छोट्या दारूच्या दुकानात, मार्च-एप्रिलला हुर्राक येतो. काजूच्या रसाचं ते पहिलं ऊर्ध्वपातन, फेणी त्यानंतरची. त्यात लिम्का, मीठ, उभी चिरलेली मिरची. तुमची ती कोमट एल बिअर तुम्हालाच लखलाभ!

रेडिंगवाली
@डिचोलीकर, कोमट नाही हो, तळघराच्या थंडाव्याइतकी असते. 🙂

नवीन_सभासद
रविवारी पबात भाजलेल्या मांसाचं जेवण असतं म्हणतात. शाकाहारी माणसाने तेव्हा गेलं तर काय मागवावं?

लीड्सकर
नट रोस्ट, म्हणजे दाणे-सुकामेवा कुटून भाजलेला लाटा. पण ग्रेव्ही वेगळी केली आहे का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी तीच मटणाची ओततात.