'कॉन्ट्राइट' हृदयाला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
लेकीकडे इंग्लंडला आलो आहे. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या पहिल्या दिवशी, इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये 1662 च्या प्रार्थनापुस्तकातून उपासना झाली. त्या दिवसाची छोटी प्रार्थना मनात राहिली, म्हणून आईसाठी मराठीत उतरवतो आहे. त्यात देवाकडे नवी आणि 'कॉन्ट्राइट' हृदये मागितली आहेत. मी 'दुःखी' लिहिले, पण पटत नाही.

प्रतिसाद
'दुःखी' नकोच. दुःख कशाचेही असू शकते. 'कॉन्ट्राइट'च्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ दळणे, चुरडणे. ही प्रार्थना कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी 1549 च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकासाठी रचली, आणि तिच्यामागे बायबलातले 51 वे स्तोत्र उभे आहे. आपल्या बायबलात तिथे 'भग्न व अनुतप्त हृदय' आहे. गंमत पाहा, हिब्रू शब्दातही चिरडण्याचाच अर्थ आहे, आणि मराठीने मात्र 'तप्' धातू घेतला: तिकडे हृदय दळले जाते, आपल्याकडे ते तापते. अनुताप हा संतवाङ्मयातला शब्द, त्यामुळे तो परका वाटत नाही. मी 'अनुतप्त'च ठेवीन.

विचारणा
अर्थ पोचतो, पण आई पुस्तकी शब्दावर अडखळेल. ही प्रार्थना लेंटभर रोज म्हणायची, अशी पुस्तकातच सूचना आहे. 'पश्चात्तापाने चूर झालेली हृदये' चालेल?

दुसरा प्रतिसाद
'चूर' म्हटले की थकून चूर, लाजेने चूर, नशेत चूर आठवते. क्रियापद घ्या: 'चुरलेली'. दुधात भाकरी चुरतो ना, तसे. कडक भाकरी चुरल्याशिवाय दूध पीत नाही. मला तर मूळ अर्थ यातच सर्वांत जवळ वाटतो. शिवाय राखेच्या बुधवारच्याच, बायबलातल्या योएल संदेष्ट्याच्या वाचनात वस्त्रे नव्हे, हृदये फाडा असे आहे. तिथेही हृदयाला काहीतरी घडावे लागते, नुसते वाईट वाटून भागत नाही.

आणि प्रार्थनेची सुरुवात जपा. तू निर्माण केलेल्या कशाचाही तू द्वेष करीत नाहीस, हे आधी येते. ते वाक्य दुबळे झाले तर 'चुरलेली' हा शब्द शिक्षेसारखा ऐकू येईल.

पहिला प्रतिसाद
'चुरलेली' मान्य. फक्त 'अनुताप' सोडू नका, नाहीतर कशाने चुरले ते कळत नाही. लेंटला वसईकडचे कॅथलिक 'उपवासकाळ' म्हणतात, तो शब्द आईंना लगेच समजेल. मूळ इंग्रजी शब्दाचा उपवासाशी संबंध नाही, त्याचा जुना अर्थ वसंत ऋतू.

विचारणा
'हृदये' हे अनेकवचन मोठ्याने म्हणताना जड जाते, म्हणून एकवचन केले. आता असे लिहिले आहे: 'आमच्या ठायी नवे, अनुतापाने चुरलेले हृदय निर्माण कर.' आज फोनवर आईला वाचून दाखवले. 'चुरलेले'पाशी ती थांबली आणि पुन्हा वाचायला सांगितले.