साथीनंतर आधी काय सावरायचं, कर्ज की काम?

भोसरीकर: कोविडमध्ये माझ्या वर्कशॉपमधले दोन्ही लेथ अडीच महिने बंद होते. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, मी घेतली. व्याज मात्र थांबलं नव्हतं. ते मुद्दलात चढलं आणि सहा हप्ते थांबवले तर शेवटी आठ वाढले.

बंद महिन्यांचं व्याज कुणी सोसायचं, हा प्रश्न आपल्या पुणे जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला चढा भाव मिळाला आणि शेतकऱ्यांना कर्जही सढळ हाताने मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, वर शेतसारा वाढला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले. त्यांचा सगळा राग कर्जरोख्यांवर होता, ते हिसकावून जाळले. दिलासा देणारा कायदा आला १८७९ मध्ये! एवढी वाट का पाहायची? बंद महिन्यांचं व्याज सरकारने सुरुवातीलाच उचलायला हवं होतं.

जुना पतसंस्थावाला: भाऊ, तुमचा त्रास खरा आहे, पण त्याच कायद्याचं पुढे काय झालं तेही सांगा. कोर्टाला रोख्यामागचा सगळा व्यवहार उकरून व्याज कमी करता येऊ लागलं. सावकारांनी हात आखडता घेतला आणि गरजेला कर्ज मिळणं आणखी अवघड झालं. शिवाय २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जावरचं व्याजावरचं व्याज सरकारने भरलंच की. मी ३१ वर्षं पतसंस्थेत काढली. ठेवी कुणाच्या असतात? निवृत्त शिक्षिकांच्या, मंडईतल्या भाजीवाल्यांच्या. तुमचं व्याज सोडायचं तर त्यांना काय सांगू?

सदाशिव पेठेतली मेसवाली: तुम्ही दोघंही कर्जातच अडकलात. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं जेवायची, रोज १४० डबे जायचे. मुलं गावी गेली आणि राहिले ११. हप्ता माफ झाला असता तरी जेवणार कोण होतं?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम दिलं. लाखो लोक पाझर तलावांवर, रस्त्यांवर राबले, हातात मजुरी आली, दुकानं चालली. १९७७ मध्ये त्याच रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. तुमच्या पगारातून जो व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्यांनी खेड्यातल्यांसाठी तेव्हा भरला. २०२० मध्ये शहरातल्या रिकाम्या हातांसाठी तसं काही का नाही केलं? मला याचाच राग आहे.

भोसरीकर: ताई, काम हवंच, पण माझं ऐका. ऑक्टोबरमध्ये काम आलं, चांगली सहाशे नगांची ऑर्डर. स्टीलचे बार रोखीने घ्यायचे होते. कर्जाची बाकी आधीच वाढलेली म्हणून बँकेने नवीन उचल दिली नाही. आणि काका, ठेवीदाराचे पैसे बुडवा असं मी म्हणतच नाही, तो भार सरकारचा. ती ऑर्डर मी शेजारच्या शेडवाल्याला देऊन टाकली आणि त्याच्याच मशीनवर दोन महिने रोजाने काम केलं.