श्पेटलेझे म्हणजे गोडच, असं नाही
रीसलिंग ही जर्मनीतली पांढरी वाइन, आणि श्पेटलेझे ही तिच्या लेबलवरची एक प्रत. 'श्पेटलेझे लिहिलेली रीसलिंग गोड असते, म्हणून जेवणाबरोबर नको' असं कुणी कुणी म्हणतं. अर्धंच बरोबर आहे. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या द्राक्षं तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात. बाटलीत किती उरली ते नाही. त्यासाठी लेबलवर 'ट्रोकन' (म्हणजे कोरडी, गोड नसलेली) शोधा. त्यात आम्लता पुरेशी असेल तर लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते. 'फाइनहेर्ब' (साधारणपणे किंचित गोडसर) या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नाही, त्यामुळे तो शब्द उत्पादकाच्या मर्जीवर. काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोल बघा: ७.५ ते ९ टक्के असेल तर साखर मुद्दाम राखलेली आहे, १२ च्या वर असेल तर बहुधा कोरडी.

जेवणाचं म्हणाल तर जर्मनीच्या फाल्ट्स भागातली ट्रोकन भाजलेलं डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीबरोबर घ्या, कारण तिची आम्लता चरबी कापते. मोझेल या दुसऱ्या जर्मन भागातली हलकी गोडसर काबिनेट स्मोक्ड ट्राउट किंवा तिखट थाई पदार्थांबरोबर. अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं, म्हणून इथे ८ टक्केवालीच बरी. गोड श्पेटलेझे निळ्या बुरशीच्या चीजबरोबर सुरेख लागते, पण केक-पुडिंगबरोबर नको: पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन नुसती आंबट लागते. आणि ८-१० अंशांवर द्या. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर सुगंध दबतो, आणि निम्मे पैसे त्यासाठीच मोजलेले असतात! जुन्या बाटलीला रॉकेलसारखा वास आला तर ओतून देऊ नका, मुरलेल्या रीसलिंगला तो बऱ्याचदा येतो.