डोगोन मुखवटानृत्य : पैसे मोजून पाहिलेल्या नृत्याची छायाचित्रे काढावीत का?

कडेकपारी (धागाकर्ता)

मालीमधल्या बांदियागाराच्या कड्यावर राहणाऱ्या डोगोन लोकांच्या मुखवटानृत्याविषयी आपल्या प्रवासी मंडळींत एक मत ठामपणे मांडले जाते. पर्यटकांसमोर पैसे घेऊन होणारे नृत्य हा निव्वळ देखावा असतो, खरा विधी वेगळाच, आणि म्हणून त्या देखाव्याची छायाचित्रे आणण्यात काही अर्थ नाही, असे ते मत. मला ते पटत नाही.

मूळ विधी असा. माणूस गेला की त्याला कड्यातल्या गुहेत ठेवतात, पण दुखवटा तिथे संपत नाही. काही वर्षांनी गाव मिळून 'दामा' करते. त्यात मुखवटे नाचतात आणि मधल्या काळात गेलेल्यांचे आत्मे गावाबाहेर, पूर्वजांकडे पोचवले जातात. मुखवट्यांचा कारभार 'आवा' या पुरुषांच्या मंडळाकडे असतो. दामाला धान्य आणि बाजरीची बिअर भरपूर लागते, त्यामुळे तो वर्षानुवर्षे लांबू शकतो.

पर्यटकांसमोरचे नृत्य पुष्कळच थोडक्यात आटोपते, हे खरे. पण 2012 पूर्वी, कड्यावर जाणे शक्य होते तेव्हा, तिरेली या डोगोन गावात मी ते पाहिले आणि त्यात मला कुठेही उरकून टाकण्याची वृत्ती दिसली नाही. कानागा मुखवट्याच्या माथ्यावर दोन आडव्या पट्ट्यांचा लाकडी क्रूस असतो. तो घातलेला तरुण कमरेत वाकून धडाचा असा झोत घेतो की क्रूसाचे टोक जमिनीला घासून जाते आणि धूळ उडते. कमरेला अंबाडीच्या तंतूंचे लाल-काळे घागरे, छातीवर कवड्या. सिरिगे मुखवट्याची फळी तर माणसाच्या दुप्पट उंचीहून अधिक असते, आणि ती तोलण्यासाठी आतली दांडी दातांत घट्ट धरावी लागते. बाजूला उभा असलेला म्हातारा काठी आपटत विधीच्या खास भाषेत नाचणाऱ्यांना हाळी देत होता, आणि ज्याचे पाऊल चुकले त्याच्याकडे पाहून गावातलीच माणसे कुजबुजत होती. ज्या नृत्यात चुकण्याची लाज वाटते, ते नृत्य खोटे कसे म्हणावे?

माझे म्हणणे एवढेच आहे की गावाने ठरवून, किंमत सांगून, आपल्या अंगणात केलेल्या नृत्याची छायाचित्रे निःशंकपणे काढावीत. दामाची मात्र काढू नयेत, कारण तिथे आपण कोणाचेही पाहुणे नसतो.

शाईचा डाग

'गावाने ठरवले' हा शब्दप्रयोग आपण फार सहज वापरला आहे. किंमत ठरते ती वाटाड्या आणि काही जाणती माणसे यांच्यात. फळी दातांत धरून नाचणाऱ्या पोराला कोणी विचारले का, हे आपल्यापैकी कोणालाही कळत नाही.

त्याहून मोठा प्रश्न कॅमेऱ्याच्या इतिहासाचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रियोल यांची डाकार ते जिबूती ही फ्रेंच मोहीम 1931 मध्ये 'सांगा' या डोगोन वस्तीत पोचली, तेव्हा त्यांनी एका अंत्यविधीभोवती वेगवेगळ्या जागी निरीक्षक उभे केले आणि एकाला कॅमेरा देऊन कड्याच्या माथ्यावर पाठवले. जणू एखाद्या घटनेचा पंचनामाच चालला होता. याच मोहिमेने डोगोन भागात येण्याच्या थोडेच दिवस आधी, मालीतल्याच बंबारा लोकांच्या गावांतून 'कोनो' या पूजनीय वस्तू दमदाटीने आणि चोरून उचलल्या होत्या. मोहिमेचे चिटणीस मिशेल लेरिस यांनी ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. वस्तू नेणे आणि चित्र नेणे या दोन गोष्टी तेव्हा एकाच हाताने झाल्या. आज आपण शुल्क भरतो म्हणून त्या पूर्णपणे वेगळ्या झाल्या, असे मला वाटत नाही.

आणि स्त्रियांचे काय? मुखवटे प्रथम स्त्रीलाच सापडले असे डोगोन कथा सांगते, सातिंबे मुखवट्यावर तिचीच मूर्ती असते, तरीही 'यासिगीने' म्हणून नेमलेल्या मोजक्या स्त्रिया सोडल्या तर बाकीच्यांनी मुखवट्यांपासून अंतर राखायचे असते. त्या दुरून, गच्चीवरून पाहतात. आपले छायाचित्र ते अंतर क्षणात पुसून टाकते.

माळरान

मी दोघांच्याही पलीकडे जाऊन म्हणतो की दामाचीही छायाचित्रे निघायला हवीत, आणि संधी मिळाली तर सिगीचीही.

सिगी हा उत्सव साठ वर्षांतून एकदा येतो. मागचा 1967 मध्ये युगो दोगोरू या गावी सुरू झाला आणि गावोगाव फिरत 1973 पर्यंत चालला. चित्रपटकार जाँ रूश आणि मानववंशशास्त्रज्ञ जर्मेन दिएतेर्लें यांनी वर्षामागून वर्ष तिथे जाऊन त्याचे चित्रीकरण केले. पुढचा सिगी 2027 मध्ये अपेक्षित आहे. मागच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आता सत्तरीकडे झुकला आहे, आणि जे तेव्हा कर्ते होते त्यांच्यापैकी आज कितीसे असतील? अशा वेळी ती चित्रफीत म्हणजे परक्याने केलेली लूट आहे, असे कोणी म्हणाले तर मला ते क्रूरपणाचे वाटेल. ग्रियोल यांच्याविषयीही अर्धेच सांगितले गेले. 1956 मध्ये ते वारले, तेव्हा सांगाच्या डोगोन लोकांनी स्वतः त्यांच्यासाठी अंत्यविधी केला. ज्याला निव्वळ चोर मानले, त्याच्यासाठी कोणी असे करत नाही.

शाईचा डाग

माळरान, सिगीला स्वतःची स्मृती आहे. 'ओलुबारू' म्हणून निवडलेल्या पुरुषांना सिगीची भाषा शिकवली जाते, प्रत्येक सिगीसाठी नवा महामुखवटा कोरला जातो आणि तो कधीही न घालता गुहेत ठेवला जातो. म्हणजे जी गोष्ट टिकवायची ती दृष्टीआड ठेवून टिकवायची, असा त्या समाजाचा निर्णय आहे. आपल्या चित्रफितीवाचून ती नष्ट होईल, हे गृहीतक आपले आहे. आणि अंत्यविधी केला याचा अर्थ हिशेब मिटला, असा होत नाही.

कडेकपारी (धागाकर्ता)

शाईचा डाग यांच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर देतो. नाचणारा पोरगा संमतीविना उभा केलेला असतो, ही कल्पना डोगोन तरुणांना फार दुबळे समजते. त्यांच्याकडे परक्यांवरचे मुखवटे आहेत. शेजारच्या पशुपालक फुलानी जमातीतल्या स्त्रीचा आहे, सामाना जमातीच्या योद्ध्याचा आहे आणि गोऱ्या माणसाचाही आहे. वाल्टर फान बेक या अभ्यासकाने नोंदवले आहे की हा गोरा पूर्वी वसाहतीचा अधिकारी असे, पुढे तो लाकडी कॅमेरा घेतलेला पर्यटक झाला, आणि त्याचा आणखी एक अवतार म्हणजे खुर्चीवर बसून वही उघडून खुळचट प्रश्न विचारणारा मानववंशशास्त्रज्ञ. आपण त्यांना टिपतो त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्याला टिपले आहे, आणि तेही सगळ्या गावाला हसवत. एवढी तीक्ष्ण नजर असलेली माणसे कॅमेऱ्यापुढे काय ठेवायचे आणि काय नाही, हे नक्कीच ठरवू शकतात. पर्यटकांसाठीचे आटोपशीर नृत्य हाच त्यांचा निर्णय आहे असे मी मानतो. त्या नृत्यामुळे दामाला कुंपण मिळाले.

स्त्रियांच्या अंतराचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण गच्चीवरून पाहणाऱ्या बायकांना कोणत्या मुखवट्याखाली कोण आहे हे ठाऊक नसते, असे समजू नका. अंतर राखणे हा तिथला सार्वजनिक शिष्टाचार आहे, आणि तो गावात पाळला जातो. दूरच्या छायाचित्राने तो मोडतो असे मला वाटत नाही.

जव्हारकर

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचा अनुभव इथे थोडा उपयोगी पडेल. बोहाड्यातही सोंगांचे मान घराण्यांकडे असतात, मुखवट्याची पूजा होते, आणि रात्रभर संबळ-पिपाणीवर सोंगे नाचतात. अलीकडे छायाचित्रकार इतके येतात की सोंग पुढे सरकायला वाट उरत नाही. समोर चमकणाऱ्या दिव्यामुळे मुखवट्याच्या बारीक भोकांतून पाहणाऱ्या माणसाला काही दिसेनासे होते, आणि तो अडखळतो. बोहाडा सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे तुलना पूर्ण लागू होत नाही. तरीही जिथे बंदी नाही तिथेसुद्धा कॅमेरा नाचाची जागा आणि वेग बदलतो, हे मी पाहिले आहे. कानागाचा झोत पाहुण्यांच्या दिशेने घेतला जात असेल, तर तो बदल नृत्याच्या आत शिरलेला आहे. म्हणून धागाकर्त्यांच्या 'निःशंकपणे' या शब्दाशी मी सहमत नाही.

माळरान

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. 2012 नंतर मालीतला संघर्ष वाढत गेला आणि कड्यावरचे पर्यटन जवळजवळ थांबले. मार्च 2019 मध्ये ओगोसागूमध्ये दीडशेहून अधिक फुलानी माणसे मारली गेली, जूनमध्ये सोबाने दा या डोगोन गावावर हल्ला झाला. कित्येक कुटुंबे गाव सोडून बामाको आणि मोप्तीकडे गेली. मुखवटे आता बामाकोच्या ओगोबाञा उत्सवातही नाचतात, राजधानीच्या गर्दीसमोर, बायकामुलांसमोर, आणि तिथे मोबाईल उंचावणारे बहुतेक हात मालीच्याच लोकांचे असतात. परक्याने छायाचित्र काढावे की नाही यावर आपण वाद घालतो आहोत, आणि तिकडे ते स्वतःच काढत आहेत.

शाईचा डाग

ते स्वतः काढत आहेत, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा आक्षेप त्यांना मुळीच लागू होत नाही. कोणता मुखवटा शहरात न्यायचा आणि कोणता गुहेतच ठेवायचा, हे तेच ठरवतात. माझा आक्षेप आपल्या संग्रहांबद्दल आहे. 2012 पूर्वी तिथे जाऊन आलेल्यांकडे शेकडो छायाचित्रे पडून आहेत, आणि त्यांतली कितीतरी 'डोगोनांचा अंत्यविधी' अशा नावाखाली फिरत असतात, प्रत्यक्षात ती पैसे देऊन पाहिलेल्या नृत्याची असूनही. कडेकपारी, आपण तिरेलीची छायाचित्रे कुठे छापलीत, तर त्याखाली गावाचे नाव, वर्ष आणि हे नृत्य पर्यटकांसाठी होते हे स्पष्ट लिहाल का?

कडेकपारी (धागाकर्ता)

लिहीन, आणि तसे लिहिल्याने छायाचित्राची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. 'निःशंकपणे' हा शब्दही मी कायम ठेवतो, कारण तिरेलीत त्या दिवशी कॅमेरा चालेल असे आम्हाला गावानेच सांगितले होते. जव्हारकरांचा मुद्दा मात्र मी जोडून घेतो. नाचणाऱ्याच्या वाटेत उभे राहू नये आणि झगमगता दिवा वापरू नये, ही अट माझ्या 'निःशंक'मध्ये धरावी. सिगीबाबत माळरान यांच्याशी माझा मतभेद कायम आहे. 2027 मध्ये युगो दोगोरूला जाणे शक्य झाले, तरी तिथून बोलावणे आल्याशिवाय मी कॅमेरा घेऊन जाणार नाही.