मदत हवी आहे : हप्ते सांभाळून या चक्रातून बाहेर कसे पडावे?

मी बदलापूरला राहतो आणि गेली 11 वर्षे फोर्टमधील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. सकाळी पावणेसातला घर सोडून, लोकलच्या गर्दीत जाता-येता तीन तासांहून अधिक वेळ उभ्याने काढून मी रात्री साडेनऊला परततो, तेव्हा मुलगी झोपलेली असते. तिची उंची वाढल्याचे मला रविवारीच कळते. अलीकडे डबा हातात घेतला की छातीवर दडपण येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलून हलके वाटले, पण सोमवार पुन्हा तसाच उजाडला.

गृहकर्जाची मुदत वाढवल्यास हप्ता कमी होतो, मात्र एकूण व्याज वाढते, हे मला ठाऊक आहे (हिशेब हाच तर माझा धंदा). तरीही चाळिशीनंतर कमी पगाराची, पण घराजवळची नोकरी कोणी स्वीकारली असल्यास खर्चाचा मेळ कसा घातला, हे कृपया सांगावे.